एक टप्पा आउट

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी दहा मिनिटं दिलीयेत, म्हणजे मराठी दहा मिनिटं, तेव्हा वड्यांवर झाकण राहू द्या.

खरं तर दिवाळीच्या आठवणींवर बोलायचं ठरलं होतं. उटणं, मोती साबण, किल्ल्यावरचं अळीव, सगळं लिहून आणलं होतं. पण गेल्या रविवारी घरी जो काही राडा झाला तो डोक्यातून जाईचना.

आमच्या धाकटीला शाळेत प्रोजेक्ट आहे, इथे अमेरिकेत सुप्रीम कोर्टातली न्यायाधीशाची जागा रिकामी झाली की ती कोणी भरायची आणि कधी. मी मुगाची खिचडी परततेय आणि ही माझ्या फोनवर फॅमिली ग्रुपचे जुने मेसेज उकरत बसलीये. एकदम ओरडली, "आई, २०१६ ला तू लिहिलंयस, खुर्ची रिकामी ठेवणं हा घटनेचा अपमान आहे. आणि २०२० ला लिहिलंयस, निवडणूक तोंडावर आहे, एवढी घाई कसली, लोकांना ठरवू द्या."

नवरोबा खो खो हसला. (तिसऱ्या रांगेत बसलाय, आत्ताही हसतोय.) मग तिने त्याचे वाचले. २०१६ ला, लोकांना ठरवू द्या. २०२० ला, जागा ताबडतोब भरा. शांतपणे म्हणाली, "तुम्ही एकमेकांचेच मेसेज फॉरवर्ड केले असते तर टायपिंग तरी वाचलं असतं."

आता तुम्हाला सगळं आठवतच असेल. फेब्रुवारी २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश स्कालिया गेले, मार्चमध्ये डेमोक्रॅट ओबामांनी त्यांच्या जागी गारलंड यांचं नाव दिलं, आणि रिपब्लिकन बहुमत असलेल्या सिनेटने, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाने, त्यांची साधी सुनावणीसुद्धा घेतली नाही, का तर निवडणुकीचं वर्ष. २९३ दिवस ते नाव तसंच पडून राहिलं. सप्टेंबर २०२० मध्ये न्यायाधीश गिन्सबर्ग गेल्या, निवडणुकीचं मतदान ३ नोव्हेंबरला, आणि त्यांच्या जागी ट्रम्पनी सुचवलेल्या बॅरेट बाई २६ ऑक्टोबरला सिनेटमध्ये ५२-४८ ने पास! रिपब्लिकन सिनेटर लिंडसे ग्रॅहॅम यांनी तर २०१६ मध्ये बजावून सांगितलं होतं की उद्या आमच्यावर हीच वेळ आली तर माझे शब्द माझ्याविरुद्ध वापरा, आणि २०२० ला त्या सुनावणीचे अध्यक्ष तेच. मी हे तावातावाने सांगतेय तर नवरोबा म्हणतो, खालच्या कोर्टांच्या नेमणुकांवरची चर्चा थांबवून मतदान घ्यायला सिनेटमध्ये ६० मतं लागायची, ती अट २०१३ ला कोणी काढली, तुझ्याच डेमोक्रॅट लोकांनी ना? मग २०१७ ला आमच्या रिपब्लिकनांनी सुप्रीम कोर्टासाठी काढली. हे खरंय हो, काय करणार. स्कालिया १९८६ ला ९८-० ने आले होते, गिन्सबर्ग १९९३ ला ९६-३ ने, दोघांची मतं दोन टोकांची आणि ऑपेरा बघायला जोडीने. २०१८ ला न्यायाधीश म्हणून कॅव्हनॉ यांची वेळ आली तेव्हा ५०-४८.

वाड्यातलं क्रिकेट आठवतं का? ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग, आणि एक टप्पा आउट हा नियम नेमका त्याची बॅटिंग झाल्यावर आठवायचा.

आणि हसू नका, आपण मंडळात काय वेगळं केलं? खजिनदार गाव सोडून गेले, जुलैपासून जागा रिकामी, अर्धी कमिटी म्हणते आम्ही नेमतो, अर्धी म्हणते वार्षिक सभेपर्यंत थांबा. तीन वर्षांपूर्वी सचिवाची जागा रिकामी होती तेव्हा हेच लोक बरोब्बर उलट भांडत होते. मला माहितीये कारण त्या मीटिंगचं इतिवृत्त मीच लिहिलंय आणि ते आजवर कोणीही, मी धरून, वाचलेलं नाही. परवा काढून बघितलं तर "थांबायची काहीच गरज नाही" असं म्हणणारी पहिली सभासद मीच. यंदा थांबा म्हणणाऱ्यांत कोण आहे ते तुम्ही मला सांगू नका.

तर धाकटीने विचारलं, "मग खरा नियम काय?" नवरोबा म्हणाला, राष्ट्राध्यक्षांनी नाव द्यायचं, सिनेटने संमती द्यायची, किती दिवसांत ते घटनेत लिहिलेलं नाही. "म्हणजे ज्याच्याकडे मतं जास्त त्याचा नियम?" आम्ही दोघंही गप्प, लग्नाला बावीस वर्षं झाली पण असे एकदम गप्प पहिल्यांदाच. तेवढ्यात खिचडी खाली लागली.

दोन वर्षांनी ती मतदान करणार आहे. प्रोजेक्टची शेवटची स्लाइड तिने कोरी ठेवलीये, म्हणाली आई तू सांग काय लिहू. शुक्रवारी सबमिट करायचंय आणि मी अजून काही सांगितलेलं नाही. कोणाला सुचलं तर वड्यांच्या लाइनीत मला गाठा.