फोडण्याआधीचं अंडं

(दृश्य : लाकडी टेबल. एक अंडं, एक टाचणी, शेजारी काचेची वाटी.)

साठ ग्रॅमचं एक अंडं. त्यातले सहाएक ग्रॅम टरफलाचे, अठराएक पिवळ्या बलकाचे, बाकी सगळं पांढरं.

तुम्हाला दिसताहेत ते हात केकही करतात आणि चित्रंही काढतात. अंडं हातात आलं की या बाई आधी टरफलाचा विचार करतात. अख्खं हवं असेल तर टाचणी. तुकडे हवे असतील तर वाटीची कड. एकदा फोडलं की हा निर्णय हातातून गेला. आपल्या स्वयंपाकघरांतून तो रोज असाच जातो, म्हणून ही फिल्म करावीशी वाटली.

(दृश्य : टाचणी, अगदी जवळून.)

पहिलं भोक बोथट टोकाला. तिथं टरफलाच्या आतले दोन पापुद्रे एकमेकांपासून सुटलेले असतात आणि मध्ये हवेची पोकळी असते. टाचणी आधी त्या पोकळीत शिरते. दुसरं भोक निमुळत्या टोकाला, जरा मोठं. लांब सुईनं आतला पिवळा बलक मोडायचा आणि छोट्या रबरी पंपानं हवा सोडायची. बघा, कसं सावकाश उतरतंय.

यात पांढरं-पिवळं एक झालं, त्यामुळे मेरिंगला, म्हणजे पांढऱ्याचा फेस वाळवून केलेल्या मिठाईला, ते चालणार नाही. ते स्पंज केकच्या मिश्रणात गेलं. आता हेच मिश्रण परत टरफलात जाणार आहे. खालचं भोक बोटाच्या पेराएवढं रुंद केलं, टरफल धुऊन अर्धा तास मिठाच्या पाण्यात ठेवलं, निथळलं आणि दोन तृतीयांशच भरलं. काठोकाठ भरलं तर केक फुगून बाहेर ओघळतो. मफिनच्या साच्यात फॉइलचं कडं करून त्यावर उभं केलं की भट्टीत लवंडत नाही.

(दृश्य : भाजलेलं अंडं. टेबलावर हलकेच आपटून टरफल सोललं जातं. इथं निवेदन नको.)

दुसरं अंडं मात्र वाटीच्या कडेवर. पिवळा बलक या अर्ध्यातून त्या अर्ध्यात आणि पांढरं खाली वाटीत. पिवळ्याचा एक थेंब पडला तरी त्या ते पांढरं बाजूला ठेवतात. पांढऱ्यातली प्रथिनं हवेच्या बुडबुड्याभोवती जाळं विणतात आणि पिवळ्यातली चरबी ते विणू देत नाही. प्लॅस्टिकचं भांडं नको तेही याचसाठी. धुतलं तरी त्याला तेलाचा ओशटपणा राहतो.

फेटणं सुरू झालं. आधी साबणासारखे मोठे बुडबुडे, मग बारीक, मग पांढरंशुभ्र. लिंबाचे दोन थेंब, आणि साखर चमच्याचमच्यानं. मूळच्या सहा-आठ पट फुगलेला हा फेस शंभर अंशांच्या आसपास तास-दीड तास वाळवला की मेरिंग तयार.

एका वाटीतला बिनसाखरेचा फेस मात्र त्यांनी मुद्दाम तसाच ठेवला होता. रात्रभरात तो बसला आणि तळाशी पातळ, पिवळसर पाणी साठलं. बेकिंगवाल्याच्या लेखी हा फेस वाया गेला. पण हस्तलिखितांवर सोन्याचा वर्ख लावणारे कारागीर शतकानुशतकं नेमकं हेच पाणी वापरत आले. फेस टाकून द्यायचा, खालचं ठेवायचं आणि ब्रशनं कागदावर ओढायचं. १८५० साली फ्रान्सच्या ब्लाँकार-एव्रार यांनी छायाचित्रांच्या कागदावर असाच पांढऱ्याचा थर दिला. पुढची सुमारे चाळीस वर्षं जगातले बहुतेक फोटो अंड्याच्या पांढऱ्यावर छापले गेले.

(दृश्य : तळहातावर पिवळा बलक.)

पिवळ्याचं काम सगळ्यांत नाजूक, आणि आमच्या कॅमेऱ्याला सगळ्यांत प्रिय. बलक या तळहातावरून त्या तळहातावर घ्यायचा. प्रत्येक वेळी रिकामा झालेला हात फडक्याला पुसायचा. असं करत करत तो वरून कोरडा होतो. मग त्याची पातळ पिशवी दोन बोटांच्या चिमटीत उचलायची, खाली वाटी धरायची आणि टाचणीनं टोचायची. पिशवी चिमटीतच राहते आणि आतलं पिवळं धारेनं खाली येतं. त्यात थोडं पाणी आणि पाण्यात घोटलेली रंगाची पूड मिसळली की झाला टेम्परा. इटालियन चित्रकार बोत्तिचेल्लीचं ‘व्हीनसचा जन्म’ हे चित्र याच माध्यमातलं, साधारण १४८५चं. रंग लगेच वाळतो, म्हणून फराटे बारीक, एकाशेजारी एक. पिवळ्यातला लेसिथिन नावाचा पदार्थ तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवतो. कस्टर्ड एकजीव होतं त्यातही त्याचा हात असतो. कस्टर्डचं शूटिंग राहून गेलं.

एक महत्त्वाचं. कच्च्या अंड्यात साल्मोनेला हा आजारी पाडणारा जिवाणू असू शकतो. हस्तकलेची टरफलं दहा मिनिटं उकळून घ्या, हात धुवा, आणि मुलांना अंड्याची ॲलर्जी असेल तर त्यांना यापासून लांब ठेवा.

(दृश्य : खलबत्ता.)

टरफलात सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट असतं, नैसर्गिक चुनखडीत असतं तेच. कडकडीत वाळवून मैद्यासारखं मऊ कुटलं, चमचाभर पीठ आणि गरम पाण्यात मळून वळलं, तीन दिवस वाळवलं की फरशीवर लिहायचा खडू.

(दृश्य : काळा रोगण लावलेली लाकडी पाटी.)

मोठे तुकडे पाटीसाठी राखलेत. जपान आणि व्हिएतनाममध्ये रोगणकाम करणाऱ्यांना शुभ्र पांढरा हवा असायचा आणि तपकिरी रोगणात पांढरी पूड मिसळली की ती मळकट दिसायची. तिथं टरफल कामी आलं. आतला पापुद्रा आधी सोलायचा, तो राहिला तर तुकडा चिकटत नाही. चिमट्यानं तुकडा ओल्या रोगणावर ठेवला. आता ऐका.

(आवाज : कर्र.)

बोटानं दाबल्यावर तो तडकतो. मघाशी टाचणीनं जे होऊ द्यायचं नव्हतं, तेच इथं हवं आहे. भेगांमधून काळं वर येतं. मग रोगणाचा आणखी एक थर, वाळण्याची वाट, आणखी एक. टरफल पुरतं झाकून जातं.

शेवटी पाणी आणि बारीक पॉलिश पेपर. हात गोल गोल फिरतोय. काळं पाणी फडक्यानं पुसलं जातं, आणि पांढरं दिसायला लागतं.