सातव्या मुलाचा सातवा मुलगा

नमस्कार. आज एकाच अल्बमवर बोलायचं आहे, तेव्हा प्रास्ताविक लांबवत नाही. ब्रिटनचा हेवी मेटल बँड आयर्न मेडन, अल्बम 'सेव्हन्थ सन ऑफ अ सेव्हन्थ सन', प्रकाशन ११ एप्रिल १९८८. बँडचा हा सातवा स्टुडिओ अल्बम. आठ गाणी, सुमारे ४४ मिनिटं. इथे बसलेल्यांपैकी काहींना ही गाणी तोंडपाठ असतील, आणि काहींनी हेवी मेटल आयुष्यात दोन मिनिटांच्या वर ऐकलं नसेल. दोघांनाही मला एकच सांगायचं आहे. हा अल्बम भविष्य कळण्याविषयी आहे, आणि ते कळूनही माणसाच्या हाती काही लागत नाही याविषयी. तबकडीच्या पहिल्या बाजूला विचारणारी, घाबरलेली माणसं आहेत. दुसऱ्या बाजूला ज्याला सगळं ठाऊक आहे तो आहे. हाल दोघांचेही सारखेच.

कल्पना कुठून आली ते आधी सांगतो. डोरिस स्टोक्स नावाची एक बाई ब्रिटनमध्ये फार प्रसिद्ध होती. मेलेल्या माणसांशी आपण बोलतो असं ती सांगायची आणि तिच्या कार्यक्रमांना मोठमोठी नाट्यगृहं भरायची. १९८७ मध्ये ती वारली. स्टीव्ह हॅरिस, म्हणजे आयर्न मेडनचा संस्थापक, बास गिटार वाजवणारा आणि बँडची बरीचशी गाणी लिहिणारा माणूस, त्याच्या मनात आलं: हिला स्वतःचा मृत्यू आधी दिसला असेल का? त्या प्रश्नातून 'द क्लेअरव्हॉयंट' हे गाणं झालं. अल्बममध्ये ते सातव्या क्रमांकावर आहे, नायकाच्या मरणाचं गाणं आहे. म्हणजे मरण आधी लिहिलं गेलं आणि त्या माणसाचा जन्म, त्याचं घराणं, त्याचं गाव हे सगळं मागाहून जोडलं गेलं. गोष्ट शेवटाकडून उलगडत गेली, आणि ऐकताना ते जाणवतं.

त्याच सुमारास हॅरिसच्या वाचनात ऑर्सन स्कॉट कार्ड या अमेरिकन लेखकाची 'सेव्हन्थ सन' ही कादंबरी आली. सातव्या मुलाच्या पोटी सातवा मुलगा जन्मला तर त्याला दिव्य दृष्टी असते, त्याच्या हाताला गुण असतो, ही समजूत आयर्लंडमध्ये आणि इंग्लंडमध्ये फार जुनी. असा मुलगा आहे म्हटलं की लोक दुखणी घेऊन त्याच्या दारी जायचे. हॅरिसने ही कल्पना गायक ब्रूस डिकिन्सनच्या कानावर घातली, आणि तो लगेच पेटला.

डिकिन्सनचं पेटणं महत्त्वाचं का, ते सांगतो. आधीच्या, १९८६ च्या 'समव्हेअर इन टाइम' अल्बमच्या वेळी त्याने अकूस्टिक गिटारवरची, शांत वळणाची काही गाणी आणली होती. ती नाकारली गेली. त्या अख्ख्या अल्बमवर गीतकार म्हणून त्याचं नाव एकाही गाण्याला नाही. तो गायला, पण दुसऱ्यांनी लिहिलेलं गायला. 'सेव्हन्थ सन'वर आठांपैकी चार गाण्यांना त्याचं नाव आहे. नाट्य, सोंग, निरनिराळ्या पात्रांच्या तोंडून बोलणं ही त्याची ताकद, आणि या विषयाला नेमकी तीच हवी होती. मला तर वाटतं, हा अल्बम हॅरिसच्या प्रश्नाचा आहे आणि डिकिन्सनच्या आवाजाचा आहे.

ध्वनिमुद्रण म्युनिकच्या म्यूझिकलँड स्टुडिओत झालं, निर्माता नेहमीचा मार्टिन बर्च. एक गोष्ट मात्र नवी होती: कीबोर्ड. आधीच्या अल्बमवर गिटार सिंथेसायझर होता, म्हणजे गिटार छेडूनच कृत्रिम सूर काढणारं यंत्र, इथे खऱ्या अर्थाने कीबोर्डचे सूर आले, आणि ते वाजवायला बाहेरून कुणी आणलं नाही. गिटारवादक एड्रियन स्मिथ आणि खुद्द हॅरिस यांनीच ते वाजवले. मेटलमध्ये कीबोर्ड म्हटलं की नाक मुरडणारे तेव्हाही होते, आजही आहेत. माझं त्यांना सांगणं आहे की हे सूर काढून टाकून शीर्षकगीताची कल्पना करून बघा. वेदीसमोर उभं राहिल्यासारखा जो भारदस्तपणा आहे, तो सगळा तिथून येतो.

आता गाण्यांकडे वळू. 'मूनचाइल्ड'ची सुरुवात आत्ता ऐकलीत. एक अकूस्टिक गिटार, एकटा आवाज, चार ओळी: सात पापं, जिंकायच्या सात वाटा, नरकाकडे जाणारे सात पवित्र रस्ते. मग कीबोर्ड, मग सगळा बँड अंगावर येतो. गाण्यात बोलतो आहे तो सैतान. ऐकणारी आहे ती आई, जिच्या पोटी हे मूल यायचं आहे. तो तिला धमकावतो, हे पोर माझं आहे म्हणून सांगतो. अलीस्टर क्रौली या इंग्रज गूढवाद्याच्या लिखाणाची सावली या शब्दांवर आहे. डिकिन्सनने तेव्हा त्याचं बरंच वाचलेलं होतं.

'इन्फिनिट ड्रीम्स' हे मला पहिल्या बाजूचं सगळ्यात खोल गाणं वाटतं. एका माणसाला स्वप्नं पडतात, तो झोपायला घाबरतो आणि न झोपण्यालाही घाबरतो. मेल्यावर पुढे काय, पुन्हा जन्म आहे का, हे तो विचारत राहतो. संगीताची चाल त्या माणसासारखीच आहे. सुरुवात जवळजवळ कुजबुजत होते, दोन गिटार हळू आवाजात एकमेकींना ओळ देतात, आणि मग मधल्या भागात सगळं अचानक धावायला लागतं, भीतीने उठून पळावं तसं. उत्तर मिळत नाहीच.

'कॅन आय प्ले विथ मॅडनेस' त्या मानाने हलकं आहे. ब्रिटनच्या खपाच्या यादीत ते तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. तरुण पोरगा म्हाताऱ्या भविष्यवेत्त्याकडे जातो, स्फटिकाच्या गोळ्यात काय दिसतं ते विचारतो, उत्तर पटत नाही म्हणून हुज्जत घालतो आणि म्हातारा खवळतो. स्मिथने ही चाल आधी एका संथ गाण्यासाठी बांधली होती, हे आज ऐकून खरं वाटत नाही. व्हिडिओत मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी चमूमधला ग्रॅहम चॅपमन आहे. पुढच्याच वर्षी तो गेला.

'द इव्हिल दॅट मेन डू' हे नाव शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर'मधल्या मार्क अँटनीच्या भाषणातलं. माणसाचं वाईट त्याच्यामागे उरतं, चांगलं बहुतेक वेळा त्याच्या हाडांबरोबर पुरलं जातं, असं तो म्हणतो. गोष्टीत हे गाणं नेमकं कुठे बसवायचं यावर चाहत्यांचे बरेच वाद आहेत, आणि ओढूनताणून बसवायची गरज आहे असं मला वाटत नाही. ते उत्तम गाणं आहे, तेवढं पुरे.

इथे पहिली बाजू संपते. तबकडी उलटायची. उलटली की शीर्षकगीत, ९ मिनिटं ५३ सेकंद, एकट्या हॅरिसने लिहिलेलं. इथे मूल जन्माला येतं. चांगल्या आणि वाईट अशा दोन्ही शक्ती त्याच्यावर टपून आहेत, भावंडं वाट बघताहेत. पालुपदात अल्बमच्या नावाशिवाय एकही शब्द नाही. तेच नाव पुन्हा पुन्हा, मागे कीबोर्डमधून उठणारा समूहगानासारखा सूर. एवढ्या दीर्घ गाण्याच्या पालुपदात दुसरं काहीच म्हणायचं नाही, हे करायला धाडस लागतं. आणि ते चालतं, कारण ही घोषणा आहे. घोषणेला स्पष्टीकरण लागत नाही.

साधारण मध्यावर सगळं थांबतं. एक आवाज गात नाही, नुसता बोलतो: आज सातवा जन्मला, त्याच्या हाती बरं करण्याची शक्ती आहे, त्याला पुढचं दिसतं. मग निको मॅकब्रेनच्या ड्रमवर फक्त हाय-हॅटची, म्हणजे एकमेकींवर मिटणाऱ्या दोन झांजांची टिकटिक, स्वच्छ गिटारचे सुटे सुटे सूर, बासची सावध पावलं. घाई नाही. ज्यांना मेटल म्हणजे नुसता गोंगाट वाटतो त्यांनी ही दोन-तीन मिनिटं ऐकावीत. आवाज किती कमी ठेवायचा आणि किती वेळ कमी ठेवायचा, हे या मंडळींना पक्कं माहीत होतं. नंतर जेव्हा गिटार सुटतात तेव्हा ते सुटणं कमावलेलं वाटतं.

'द प्रॉफेसी' फार दुर्लक्षित राहिलं, आणि याचं मला वाईट वाटतं. दुसरा गिटारवादक डेव्ह मरे आणि हॅरिस यांचं हे गाणं. सातव्याला गावावर येणारं संकट दिसतं. तो ओरडून सांगतो, कुणी ऐकत नाही. संकट येतं. आणि मग गाव म्हणतं, हे यानेच आणलं, याचाच हा शाप. अख्ख्या अल्बममध्ये माणसांच्या जगाशी इतकं जवळून बोलणारं दुसरं गाणं नाही. आधी न ऐकणं आणि मागाहून सांगणाऱ्यालाच धरणं, हा अनुभव घ्यायला दिव्य दृष्टी लागत नाही. गाण्याच्या शेवटी अकूस्टिक गिटारवर एक छोटा तुकडा वाजतो. सगळा आरडाओरडा मागे पडतो आणि तो मुलगा एकटा उरतो.

आणि मग ते बासचे सूर. 'द क्लेअरव्हॉयंट'. हॅरिस पिक, म्हणजे तार छेडायची छोटी चकती, वापरत नाही, बोटांनी वाजवतो. त्याच्या फेंडर प्रिसिजन बासवर सपाट वेटोळ्यांच्या जाड तारा असतात, आणि तो त्या इतक्या जोरात ओढतो की तार पट्टीवर आपटल्याचा आवाजही सुरात मिसळतो. त्या आवाजावरून हॅरिस दोन सेकंदांत ओळखू येतो.

या गाण्यात एक बारीक गोष्ट आहे, तिच्यापाशी मला थांबायचं आहे. सुरुवातीची कडवी 'मी'ची आहेत. मला घाम फुटतोय, भिंतीवर नाचतात त्या सावल्या की मीच, हे स्वप्न की आत्ताचं, शक्ती रोज वाढते आहे आणि मला ती आवरणार नाही अशी भीती वाटते. मग गिटार येतात. आणि त्यानंतरच्या कडव्यात 'मी' नाहीसा होतो. तिथे 'तो' आहे. त्याला तुमच्या डोळ्यांत बघून पुढचं कळायचं, तुमचं खरं-खोटं दिसायचं, पण एवढी शक्ती असून स्वतःचा शेवट दिसला नाही. सर्वनाम बदललं आणि माणूस मेला. मृत्यूचं वर्णन नाही, प्रसंग नाही. गिटार वाजत होत्या तेवढ्या वेळात तो गेला. डोरिस स्टोक्सविषयीचा हॅरिसचा प्रश्न इथे पूर्ण होतो. मला हे इंग्रजी रॉकमधल्या उत्तम लेखनात मोजावंसं वाटतं.

मुंबईकरांना हे गाणं समोर ऐकायला मिळालं. १ फेब्रुवारी २००८ ला 'समव्हेअर बॅक इन टाइम' या जगभरच्या दौऱ्याची सुरुवातच वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीए मैदानावर झाली. बँडसाठी खास भाड्याने घेतलेलं बोइंग ७५७, आणि ते चालवणारा पायलट डिकिन्सन. त्या रात्री मुख्य कार्यक्रम संपवून बँड पुन्हा मंचावर आला तो 'मूनचाइल्ड' घेऊन, आणि त्याला लागूनच 'द क्लेअरव्हॉयंट'. जन्माआधीची धमकी आणि मग थेट मरण, मधलं आयुष्य गाळून. मी त्या गर्दीत उभा होतो, आणि या दोन गाण्यांचं नातं मला तिथे पहिल्यांदा कळलं. घरी सलग ऐकताना ती इतकी जवळ कधी आली नव्हती.

शेवटचं 'ओन्ली द गुड डाय यंग' माझ्या मते गोष्ट म्हणून कच्चं आहे. चाल झकास, हॅरिसची बास झकास. पण नायक गेल्यावर गाणं वळून आपल्याशी बोलायला लागतं, धर्मगुरूंना चार शब्द सुनावतं, आणि जमिनीवरची गोष्ट हवेत विरते. डिकिन्सनने स्वतः पुढे म्हटलं आहे की हा अर्धाच संकल्पना-अल्बम, म्हणजे सगळ्या गाण्यांतून एकच गोष्ट सांगणारा अल्बम झाला, गोष्ट शेवटापर्यंत नेली गेली नाही. त्याच वर्षी ३ मे रोजी सिएटलजवळच्या क्वीन्सराइक या बँडचा 'ऑपरेशन: माइंडक्राइम' आला. त्यात गोष्ट पूर्ण आहे: व्यसनात अडकलेला निकी, त्याच्याकडून खून करवून घेणारा डॉक्टर एक्स, सिस्टर मेरी, पात्रांचे संवाद, इस्पितळातली सुरुवात, सगळं जागच्या जागी. बांधणीत तो अल्बम सरस आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

तरीही मी परत परत 'सेव्हन्थ सन'कडे येतो. 'माइंडक्राइम'मध्ये काय घडलं ते मला कळतं. इथे काय घडलं ते नीट कळत नाही, पण प्रश्न मात्र आठही गाण्यांत एकच राहतो, आणि तो सुरांनी धरून ठेवला आहे. सुरुवातीच्या त्या अकूस्टिक चार ओळी अगदी शेवटी जशाच्या तशा परत येतात. चित्रकार डेरेक रिग्जच्या मुखपृष्ठावरही तेच: बर्फाच्या ओसाड प्रदेशात एडी, म्हणजे बँडच्या मुखपृष्ठांवर नेहमी दिसणारा तो भुतासारखा प्राणी, कंबरेखाली शरीरच नाही, डोक्यातून ज्वाळा निघते आहे, आणि हातात अजून न जन्मलेलं मूल. अर्धं शरीर संपलेलं आणि हातात पुढचा जीव. म्हणजे हे सगळं पुन्हा होणार. पुन्हा कुणाला तरी दिसणार, आणि पुन्हा त्याचं कुणी ऐकणार नाही.

प्रश्न असतील तर नंतर जरूर विचारा, मी थांबणार आहे. आता दुसरी बाजू सलग लावतो, सुमारे २४ मिनिटांची आहे. मधे बंद करणार नाही. 'क्लेअरव्हॉयंट'मध्ये गिटार संपल्यावरच्या कडव्याकडे कान ठेवा.