ड्रायव्हरचं कोण ऐकतं?

ऑगस्ट २००६. श्रीलंकेत मुतूरमध्ये लढाई पेटली आणि 'अ‍ॅक्शन अगेन्स्ट हंगर' या मदतसंस्थेची १७ माणसं तिथल्या ऑफिसात अडकली. त्रिंकोमालीच्या ऑफिसशी त्यांचा संपर्क होता, त्यांच्यापर्यंत पोचायचे प्रयत्नही झाले, पण जमलं नाही आणि ४ तारखेला त्यांना तिथेच गोळ्या घातल्या, अंगावर संस्थेचे टीशर्ट होते. सतराच्या सतरा जण श्रीलंकेचेच. हे मी आधी सांगतोय कारण मदतकार्यात मारली जाणारी, जखमी होणारी बहुतेक माणसं स्थानिक असतात, आणि संस्था कणखर करायची चर्चा मात्र बाहेरून आलेल्यांना विमानात कसं बसवायचं यावरच अडकते.

दुसरी चर्चा भिंतींची. १९ ऑगस्ट २००३ ला बगदादच्या कनाल हॉटेलवर, म्हणजे यूएनच्या मुख्यालयावर, ट्रकबॉम्ब फुटला, यूएनचे इराकमधले प्रमुख सर्जिओ व्हिएरा द मेलो यांच्यासह २२ माणसं गेली. फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्टी अहतिसारी यांच्या चौकशी समितीने यूएनची सुरक्षा व्यवस्थाच नीट चालत नव्हती असं स्पष्ट म्हटलं. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी भिंती उंच झाल्या, काटेरी तारा आल्या, चिलखती गाड्या आल्या. काही ठिकाणी ते लागतंच, मी नाही म्हणत नाही. पण भिंतीआड बसलेल्या माणसाला गावात काय शिजतंय ते कळत नाही, आणि लोकांनी आपल्याला स्वीकारलंय का हे तर अजिबातच नाही.

ते कळतं ड्रायव्हरला. सकाळी निघताना तो म्हणतो, आज नको, नाक्यावर रोज खेळणारी पोरं दिसली नाहीत आणि दुकानं अर्धी बंद आहेत. आता हे वाक्य पुढे कुठे जातं बघा. टीम लीडरला मदतीचं वाटप आजच उरकायचंय, डोनरचा, म्हणजे पैसे देणाऱ्याचा, रिपोर्ट शुक्रवारी आहे, आणि ड्रायव्हर कंत्राटी, जास्त बोलला तर पुढच्या महिन्यात काम राहील का ही त्याला धास्ती. मग गाडी निघते. बहुतेक वेळा काही होत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी तो बोलतच नाही. संस्था पोकळ होते ती अशी, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की गाडी थांबवायचा अधिकार ड्रायव्हरला लेखी द्या, आणि थोडक्यात वाचलेला प्रत्येक प्रसंग, नुसती दगडफेक का असेना, कुणाला दोष न देता नोंदवा.

डोक्यावरचा ताण, झोप उडणं, सुट्टी न घेणं यावर वेगळं बोलायला हवं, आज एवढंच की सुट्टी सक्तीची करा, कारण स्वतःहून मागून कुणीच घेत नाही.

आता पैसा. २०१२ मध्ये केनियातल्या दादाब इथल्या निर्वासित छावण्यांमध्ये 'नॉर्वेजियन रेफ्युजी कौन्सिल' या मदतसंस्थेच्या ताफ्यावर हल्ला झाला, एक ड्रायव्हर मारला गेला, चौघांना पळवून नेलं. वाचलेल्यातला एक जण कोर्टात गेला आणि २०१५ मध्ये ओस्लोच्या कोर्टाने संस्थेचा गंभीर निष्काळजीपणा झाला असा निकाल दिला. त्या दिवसापासून काळजी घेणं ही मेहरबानी राहिली नाही, जबाबदारी झाली. तरीही बजेट कापायची वेळ आली की रेडिओ, ट्रेनिंग आणि स्थानिक भागीदार संस्थेच्या माणसांचा विमा हेच आधी उडतं. तेव्हा प्रस्ताव लिहितानाच त्या विम्याची वेगळी ओळ टाका आणि डोनरने ती खोडली तर फोन करून भांडा, मी भांडलोय, दोनदा मिळालाय.