चष्मा लावूनही फळा दिसत नाही

(दृश्य: रामकुंडावरची सकाळ. सीबीएसला (नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकात) थांबलेली निफाडची एसटी.)

बारा वर्षांची ही मुलगी आईसोबत नाशिकला आली आहे. फळा दिसत नाही, चष्म्यानेही फरक नाही. साध्या तपासणीत डोळ्याचा आतला पडदा (रेटिना) जवळजवळ ठीक दिसतो, म्हणून अशा मुलांवर सर्रास 'नाटक करते' असा शिक्का बसतो. ती नाटक करत नाही.

(दृश्य: डोळ्यात थेंब.)

बाहुली मोठी व्हायला वीस-तीस मिनिटं. मग मशीनवर हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं. ४८८ नॅनोमीटरचा निळा प्रकाश आत जातो, आणि पडद्याखाली साठलेला कचरा स्वतःच उजळतो. या फोटोला ऑटोफ्लोरेसन्स म्हणतात. हातावर डाय (चमकणारा रंग) टोचायचा असेल तर हा फोटो त्याआधीच काढावा, नाहीतर डायची चमक यात मिसळते.

(दृश्य: मॉनिटरवर राखाडी फोटो.)

हे उजळ ठिपके बघा, काही अगदी मासळीच्या आकाराचे. मधोमध काळा डाग, तिथल्या पेशी गेल्या. डोळ्याच्या नसेभोवतीचं कडं मात्र शाबूत. हा स्टारगार्ट आजार. कार्ल स्टारगार्ट यांनी १९०९ मध्ये त्याचं वर्णन केलं, एबीसीए४ हे जनुक सापडलं १९९७ मध्ये. जीवनसत्त्व अ वापरून झाल्यावर उरलेलं बाहेर काढणारं प्रथिन याच जनुकातून बनतं. ते बिघडलं की लिपोफ्युसिन, म्हणजे तो उजळणारा कचरा, साचतं.

आई-वडील दोघांकडून एकेक सदोष प्रत आलेली असते; त्यांना स्वतःला काही त्रास नसतो. मामाच्या मुलीशी लग्न लावायची रीत असलेल्या घरांत अशा दोन सदोष प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते. प्रत्येक भावंडाला चारात एक धोका, म्हणून धाकट्यालाही त्याच खुर्चीत बसवा.

(दृश्य: ओसीटीची, म्हणजे पडद्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनची, आडवी रेघ.)

इथे बरंच बिघडतं. मधली नजर गेल्याने मूल कडेने बघतं, आणि स्कॅन भलत्याच जागेचा निघतो. नजर स्थिर ठेवायला मशीनच्या आत असलेला दिवा दिसत नसेल तर दुसऱ्या डोळ्यासमोर बाहेरचा दिवा धरावा. एलिप्सॉइड झोनची (प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या थराची) रेघ तुटली की मशीन थरांच्या सीमा चुकीच्या आखतं आणि पडद्याच्या जाडीचा आकडा खोटा येतो. तो आकडा वाचण्याआधी रेघा डोळ्यांनी तपासा, हाताने सरकवा.

वर्षाने पुन्हा, त्याच मशीनवर, फॉलो-अप मोडमध्ये (मागच्याच जागेचा स्कॅन पुन्हा घेणारी सोय). तीस अंशांचा टापू टिपणारा फोटो पंचावन्न अंशांच्या फोटोशी ताडता येत नाही.

गेलेल्या पेशी परत आणणारं औषध नाही. मोठी अक्षरं, परीक्षेत जादा वेळ मिळतो. त्यासाठी आजाराचं निदान कागदावर लिहिलेलं हवं.

(दृश्य: आईच्या पिशवीतली औषधाची बाटली.)

'डोळ्यांसाठी चांगल्या' म्हणून आणलेल्या या जीवनसत्त्व अ च्या गोळ्या बंद. या आजारात त्या कचरा वाढवू शकतात. जेवणातली भाजी नेहमीसारखी खाऊ द्या. उन्हात टोपी आणि गडद चष्मा घाला.

फोटो पेनड्राइव्हवर मागून घ्या. कागदावर छापले की राखाडी छटा बुडतात, आणि पुढच्या वर्षी ताडायच्या आहेत त्या नेमक्या याच छटा.