विक : हेरिंगच्या गावाची वर्णनं

(पडद्यावर : करडा समुद्र, दगडी धक्का, वाऱ्यात घिरट्या घालणारे समुद्रपक्षी)

स्कॉटलंडच्या नकाशात बोट अगदी ईशान्येच्या टोकाला न्या. परगणा केथनेस, गाव विक. झाडं नावाला, वारा बारमाही. १५८९ मध्ये राजाच्या सनदेने याला नगराचा दर्जा मिळाला. पण गाव गाजलं ते त्यानंतर दोनशे वर्षांनी, हेरिंगमुळे. आपल्या तारलीच्या कुळातली ही मासळी. उन्हाळ्यात तिच्या झुंडीच्या झुंडी या किनाऱ्याला लागत.

विकबद्दल लिहून ठेवणारे पुष्कळ झाले. त्यांचं लिखाण वाचताना गाव दिसतं, आणि लिहिणारा कुठे उभा होता तेही दिसतं.

पहिलं नाव सर जॉन सिंक्लेअर यांचं. ते याच केथनेसचे जमीनदार. १७९० च्या सुमारास त्यांनी स्कॉटलंडभरच्या नऊशेहून अधिक पाद्र्यांना १६० प्रश्नांची यादी धाडली. वस्ती किती, पिकं कोणती, मजुरी काय, बंदर कसं? ज्यांनी टाळाटाळ केली त्यांच्या दारात माणसं पाठवली. १७९१ ते १७९९ या काळात २१ खंड निघाले. मुंबई इलाख्याची जिल्हा गॅझेटियर ज्यांनी चाळली आहेत, त्यांना हा थाट ओळखीचा वाटेल. त्या गॅझेटियरचे संपादक जेम्स कॅम्पबेल हेही स्कॉटिशच.

(पडद्यावर : नदीचं मुख, दक्षिण काठावरच्या सरळ गल्ल्या)

पुढच्या काही वर्षांत ब्रिटिश फिशरीज सोसायटीने नदीच्या दक्षिण काठावर नवं गाव वसवलं, पल्टनीटाउन. आराखडा थॉमस टेलफर्ड या नामांकित इंजिनियरचा. मेंढ्यांच्या कुरणांसाठी जमीनदारांनी हायलँड्स या स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या कुळांना हुसकावून लावलं होतं. त्यातले कित्येक या किनाऱ्यावर नांगर सोडून जाळं धरायला शिकले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हंगामात हजाराहून जास्त नावा इथे जमू लागल्या.

१८४० च्या सुमारास पाद्र्यांकडून पुन्हा माहिती मागवली गेली, तेव्हा विकच्या पाद्र्याने गावातल्या दारूच्या गुत्त्यांवर कोरडे ओढले. खरं तर त्या हंगामाच्या पैशावरच गाव उभं होतं, पण पाद्रीबाबांना झिंगलेली माणसं आधी दिसली. भांडणं होत, हेही खरं. १८५९ मध्ये एका संत्र्यावरून दोन पोरांची जुंपली आणि त्यातून स्थानिक विरुद्ध हायलँडर असा दंगा पेटला. शेवटी सैन्य बोलवावं लागलं.

हेरिंगचं खरं काम धक्क्यावर चाले, आणि ते बायकांच्या हातात होतं. तिघींची एक टोळी. दोघी मासळी फाडून आतडी काढणार, तिसरी मिठाचे थर देत पिंपात रचणार. सुरीने आणि मिठाने हात चिरू नयेत म्हणून बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. सराईत बाईच्या हाताखालून मिनिटाला तीसेक मासे जात. ही पिंपं जर्मनीला, रशियाला जात. त्याआधी वेस्ट इंडीजच्या मळ्यांवरच्या गुलामांचं खाणंही हेच. विकच्या दक्षिणेला व्हेलिगो इथे तर कड्यात खोदलेल्या तीनशेहून जास्त पायऱ्या आहेत. बायका टोपल्या घेऊन त्या चढत आणि मग विकपर्यंत चालत जात.

(पडद्यावर : वादळी लाटा)

१९ ऑगस्ट १८४८. रात्री वादळ उठलं. नावा उघड्या, त्यांना डेक नव्हता. ओहोटीमुळे बंदराच्या तोंडाशी पाणी उथळ. विकच्या खाडीत ३७ जण बुडाले, तेही किनाऱ्यावरच्यांच्या डोळ्यांदेखत. सरकारने कॅप्टन वॉशिंग्टन यांना चौकशीला नेमलं. त्यांनी डेक असलेल्या नावा आणि खोल बंदरं सुचवली.

खोल पाण्याच्या बंदरासाठी १८६३ मध्ये स्टीव्हन्सन कंपनीने समुद्रात लाटा अडवणारी भिंत घालायला घेतली. दीपस्तंभ बांधणारं हे प्रसिद्ध घराणं. १८६८ मध्ये घरातला सतरा वर्षांचा मुलगा काम शिकायला आला. तोच पुढचा कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन. पाणबुड्याचा पोशाख घालून तो तळाशी उतरला, आणि तेवढंच त्याला आवडलं. बाकी गाव करडं, घरं करडी, समुद्रही करडा, लाल कौल नाही की झाड नाही, असं त्याने आईला कळवलं. रस्त्यातल्या हायलँडच्या मच्छीमारांना तर त्याने मठ्ठ आणि आळशी ठरवलं. रात्रभर जाळी ओढून आलेली ही माणसं दिवसा सुस्त दिसणारच, पण सतराव्या वर्षी एवढं कुठून सुचणार!

भिंत टिकली नाही. डिसेंबर १८७२ च्या वादळाने तिच्या टोकाचा १,३५० टनांचा ठोकळा उचलून टाकला. त्या जागी २,६०० टनांचा बसवला, तो १८७७ मध्ये गेला. काम सोडून द्यावं लागलं.

(पडद्यावर : काचेच्या फोटोप्लेट)

माझ्या मते विकचं सर्वात भरवशाचं वर्णन शब्दांत नाहीच. १८६३ पासून १९७५ पर्यंत जॉन्स्टन कुटुंबाच्या तीन पिढ्यांनी गावात फोटो काढले. त्यातल्या पन्नासेक हजार प्लेट शिल्लक आहेत. नावांनी गच्च भरलेलं बंदर, पिंपांच्या राशी, मासळी फाडणाऱ्या बायका. शेजाऱ्यांनीच शेजाऱ्यांचे काढलेले हे फोटो.

पाद्रीबाबांची तक्रार मात्र वाया गेली नाही. १९२० च्या मतदानात गावाने दारूविक्री बंद करायचा कौल दिला. मतदारांत तीस वर्षांवरच्या बायकाही होत्या. १९२२ ते १९४७ विकमध्ये दारू विकायला बंदी होती. गाळायला नव्हती. १८२६ पासूनची पल्टनीची व्हिस्कीची भट्टी बंदीतही आठ वर्षं धुमसत राहिली. १९३० मध्ये ती बंद पडली, आणि १९५१ मध्ये पुन्हा पेटली.