लाइफ सायन्समध्ये पीएचडी झाली, प्राध्यापकी नको: तीन वाटा आतून बघू

[कॅमेऱ्यासमोर. टेबलावर रिकामी ९६ वेलची प्लेट, एक लॅब नोटबुक, निळं पेन.]

नमस्कार मंडळी. ही ९६ खळग्यांची, म्हणजे वेल्सची, प्लेट तुमच्या ओळखीची आहे. एलायसा, म्हणजे नमुन्यातलं प्रथिन प्रतिपिंडांनी मोजायची चाचणी, हिच्यातच करतो. पीएचडीच्या पाच वर्षांत अशा किती भरल्या, याची मोजदाद कुणी ठेवत नाही. रेझ्युमेत मात्र त्या सगळ्यांची मिळून एकच ओळ होते: ‘एलायसा येते’. कंपनीत समोर बसलेल्या माणसाला त्या ओळीतून काही म्हणजे काही कळत नाही. तुमच्या हातात जे काम आहे त्याला बाहेर काय म्हणतात, आणि ते काम मिळवण्याआधी नेमकं काय शिकायचं, एवढंच आज बघायचंय.

आधी पैशाचं बोलू, कारण घरी पहिला प्रश्न तोच येतो. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोला, महिना ३७,००० रुपये, एसआरएफला, म्हणजे सीनियर फेलोला, ४२,००० आणि रिसर्च असोसिएटला पहिल्या पायरीवर ५८,०००, वर घरभाडं. त्यामुळे सबमिशननंतर त्याच गाइडकडे आणखी एक वर्ष, मग पुढचं प्रोजेक्ट मिळालं की आणखी एक, असं थांबणं सोपं वाटतं. दुसऱ्या बाजूला सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवत कायम जागेची वाट बघणारे आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. शिकवायची मनापासून ओढ असेल तर जरूर तिकडे जा. पण ‘मला दुसरं काही येत नाही’ म्हणून जाऊ नका. येतं तुम्हाला, आणि ते दाखवता येतं.

[स्क्रीनवर: पहिली वाट – ॲनालिटिकल डेव्हलपमेंट]

लसी आणि बायोलॉजिक्स, म्हणजे सजीव पेशींपासून तयार होणारी औषधं, बनवणाऱ्या कंपन्या. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट आहे, हिंजवडीत जेनोव्हा, पुण्याजवळच ल्युपिनचं बायोटेक केंद्र. बाहेर जायची तयारी असेल तर बेंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद आहेतच. इथे पहिली चूक होते ती पद निवडताना. क्वालिटी कंट्रोलच्या रोजच्या टेस्टिंगची जागा एमएस्सीसाठी असते. तिथे पीएचडीवाल्याने अर्ज केला की ‘ओव्हरक्वालिफाइड’ म्हणून तो बाजूला पडतो, आणि आपल्याला वाटतं कंपनीला पीएचडी नकोच आहे. तुम्ही शोधायचे शब्द वेगळे: ॲनालिटिकल डेव्हलपमेंट, बायोॲसे, बायोॲनालिटिकल, एमसॅट (मॅन्युफॅक्चरिंग सायन्स अँड टेक्नॉलॉजी). नवी पद्धत बसवणं, ती का चालत नाही ते शोधणं, एका प्लांटमधून दुसऱ्या प्लांटमध्ये ती नेणं, हे तिथलं काम.

आता ही प्लेट हातात घेऊ. प्रबंधासाठी तुम्ही एलायसा केली तेव्हा तीन वेळा केली, एरर बार काढले, झालं. औषधाच्या अभ्यासात रक्तातलं प्रमाण मोजायला हीच एलायसा वापरायची असेल तर औषधांचे नियम जुळवणाऱ्या आयसीएच या आंतरराष्ट्रीय संस्थेची एम-१० ही मार्गदर्शिका लागू होते. ती काय मागते बघा. पाच पातळ्यांचे क्यूसी, म्हणजे प्रमाण आधीच माहीत असलेले, नमुने: सगळ्यात खालची मोजता येणारी पातळी, कमी, मध्यम, जास्त आणि सगळ्यात वरची. प्रत्येक रनमध्ये प्रत्येक पातळीचे किमान तीन नमुने. असे किमान सहा रन, दोन किंवा अधिक दिवसांत. खऱ्या आकड्यापासूनची तफावत २० टक्क्यांच्या आत, दोन्ही टोकांना २५. टक्के सीव्हीलाही, म्हणजे एकाच नमुन्याचे आकडे एकमेकांपासून किती पसरतात त्या टक्केवारीलाही, हीच मर्यादा.

हे वाचून घाबरू नका. तुमच्या जुन्या प्लेट्सचा डेटा काढा. एकच नमुना वेगवेगळ्या दिवशी लावलेला असतो, त्याचा रन-टू-रन सीव्ही काढा. डायल्यूशन सीरिज लावलेली असते, ती रेषेत येते का बघा. काठावरच्या वेल्समध्ये बाष्पीभवनाने आकडे सरकतात हे तुम्ही पाहिलेलं असतंच, त्यावर काय उपाय केला ते लिहा. मग रेझ्युमेतली ओळ अशी होते.

[स्क्रीनवर: ‘सीरममधील प्रथिनासाठी सँडविच एलायसा शून्यापासून बसवली. ४-पॅरामीटर कर्व्ह. ६ रनमधला सीव्ही १४%. १:१० ते १:१६० रेषीय. काठाचा परिणाम सीलर आणि ह्युमिड चेंबरने घालवला.’]

आकडे तुमचे स्वतःचे घाला. सीव्ही २८ टक्के आला असेल तर तोही लिहा, आणि कारण सापडलं असेल तर ते लिहा. मुलाखत त्याच ओळीवर होते. ‘२८ का आला?’ याचं नीट उत्तर देणारा उमेदवार १४ वाल्यापेक्षाही पुढे जाऊ शकतो, कारण कंपनीला ‘का’ शोधणारं माणूस हवं असतं.

पण एक सवय मोडावी लागते. [नोटबुक उघडून, जवळून.] समजा ओडी, म्हणजे प्लेट रीडरने दिलेला आकडा, ०.८४ आहे आणि मी ०.४८ लिहिलं. लॅबमध्ये आपण त्याच आकड्यावर गिरवून आठाचा चार, चाराचा आठ करतो. कंपनीत असं करायचं: एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा. सही, तारीख, आणि दोन शब्दांत कारण. व्हाइटनर नाही, पेन्सिल नाही, टिश्यू पेपरवर लिहून संध्याकाळी उतरवणं नाही.

आणि त्याहून मोठी गोष्ट. तीन वेल्सपैकी एक वेडीवाकडी आली की आपण ती वगळतो. औषधाच्या बॅचचा निकाल मर्यादेबाहेर गेला तर तसं वगळता येत नाही, ‘पास’ येईपर्यंत परत परत टेस्ट तर अजिबात करता येत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेत बार लॅबोरेटरीज या औषध कंपनीच्या खटल्यात न्यायालयाने हे स्पष्ट केलं. आधी तपास, कारण सापडलं तर त्याची नोंद, मगच पुढचा निर्णय. मुलाखतीत ‘आउटलायर आला तर काय कराल?’ असा प्रश्न आला की तो याबद्दलच असतो. ‘काढून टाकीन’ म्हणालात तर मुलाखत तिथेच संपल्यात जमा. उरलेल्या पीएचडीत आजपासून नोटबुक अशी ठेवा. पैसे लागत नाहीत, गाइडची परवानगीही लागत नाही.

[स्क्रीनवर: दुसरी वाट – पेटंट]

पेटंट एजंट, म्हणजे इतरांचे पेटंट अर्ज तयार करून भरणारा, व्हायला एलएलबी लागते हा गैरसमज आधी दूर करू. पेटंट कायदा १९७० च्या कलम १२६ प्रमाणे तुम्ही भारताचे नागरिक हवेत, वय २१ पूर्ण हवं, भारतातल्या विद्यापीठाची विज्ञान, इंजिनिअरिंग किंवा तंत्रज्ञानाची पदवी हवी, आणि पात्रता परीक्षा पास हवी. परीक्षेत कायदा आणि नियमांचा पेपर १०० गुणांचा, ड्राफ्टिंगचा, म्हणजे पेटंटचा मसुदा लिहिण्याचा, १००, तोंडी ५०. दोन्ही पेपरांत किमान ५० हवेत आणि एकूण ६० टक्के, म्हणजे २५० पैकी १५०. दोन्ही पेपरांत जेमतेम ५०-५० मिळवून तोंडीत पैकीच्या पैकी मिळाले तरी बेरीज १५० च होते, एक गुणही जास्त नाही. म्हणून ड्राफ्टिंगचा सराव सहा महिने आधी सुरू करा. शिवाय परीक्षा दर वर्षी ठरलेल्या महिन्यात होतेच असं नाही, त्यामुळे पेटंट कार्यालयाच्या सूचनांवर नजर ठेवावी लागते.

काम कसं असतं? एक उदाहरण घेऊ. लॅबमध्ये कुणीतरी बॅसिलस जिवाणू आणि ट्रायकोडर्मा बुरशी एकत्र करून मुळकुजीवर उत्तम निकाल मिळवलाय. पेटंट परीक्षक पहिला आक्षेप घेणार कलम ३(ई) चा: हे नुसतं मिश्रण आहे, दोन्हींची बेरीज आहे, यात नवं काय? उत्तर द्यायला चार गट लागतात: काहीच न दिलेला, फक्त बॅसिलस, फक्त ट्रायकोडर्मा, आणि दोन्ही. मिश्रणाचा परिणाम बेरजेपेक्षा जास्त दिसला पाहिजे. आणि बहुतेक वेळा घोळ इथेच होतो, कारण प्रयोगात मिश्रण आणि कंट्रोल असे दोनच गट लावलेले असतात. हंगाम निघून गेलेला, विद्यार्थी सबमिशन करून गेलेला. पीएचडी झालेला पेटंटचा माणूस हा प्रश्न अर्ज भरण्याआधी विचारतो, म्हणून त्याची गरज असते.

पुढचे प्रश्नही त्यालाच सुचतात. पेपर किंवा पोस्टर आधी बाहेर आलं का? आलं असेल तर नावीन्य गेलं, अपवाद फार थोडे. घाई असेल तर आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज भरा आणि १२ महिन्यांच्या आत पूर्ण स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं पूर्ण वर्णन. जिवाणू शब्दांत पुरेसा वर्णन करता येत नसेल आणि लोकांना उपलब्धही नसेल, तर तो आंतरराष्ट्रीय मान्यतेच्या संग्रहात जमा करावा लागतो. असा एक संग्रह आपल्या पुण्यातच आहे, राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात. जिवाणू ज्या मातीतून काढला ती भारतातली असेल तर जैवविविधता कायद्याखालची पूर्तताही पेटंट मिळण्याआधी करायची असते.

सराव कसा करायचा? तुमच्या विषयातलं एक मंजूर पेटंट घ्या, आणि फक्त दावा क्रमांक १ वाचा. दावा म्हणजे संरक्षण नेमकं कशाला मागितलंय ते सांगणारं वाक्य. त्याचे तुकडे करून एकाखाली एक लिहा. ‘कम्प्रायझिंग’ आहे की ‘कन्सिस्टिंग ऑफ’ ते बघा. पहिल्याचा अर्थ हे घटक आहेत आणि आणखीही असू शकतात. दुसऱ्याचा अर्थ हेच, बाकी काही नाही. या फरकाने संरक्षणाचा आवाकाच बदलतो. मग प्रत्येक तुकड्यासमोर त्या पेटंटच्या तारखेआधीचा पुरावा शोधा. १९९७ मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने जखमेवरच्या हळदीचं अमेरिकन पेटंट रद्द करवून घेतलं, ते अशाच शोधाच्या जोरावर. जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंध पुढे ठेवले गेले. आजीला माहीत होतं, एवढं म्हणून भागत नाही, छापील पुरावा लागतो. असे पाच दावे उकलून ठेवलेत तर कुठल्याही आयपी, म्हणजे पेटंटचं काम करणाऱ्या, फर्ममध्ये दाखवायला तुमच्याकडे काहीतरी असेल.

सरकारी बाजूला पेटंट परीक्षकाची जागा निघते. पगार सातव्या वेतन आयोगाच्या दहाव्या लेव्हलला, मूळ ५६,१०० पासून. २०२३ च्या भरतीत वयोमर्यादा ३५ होती. पीएचडी बत्तिसाव्या वर्षी संपणार असेल तर हा हिशेब आत्ताच करा.

[स्क्रीनवर: तिसरी वाट – रेग्युलेटरी आणि मेडिकल रायटिंग]

लिहायला आवडत असेल तर इकडे लक्ष द्या. औषधाला परवानगी मागताना जी फाइल जाते तिला सीटीडी म्हणतात. तिचे पाच मॉड्यूल: पहिलं त्या त्या देशापुरतं, दुसरं सारांशांचं, तिसरं गुणवत्तेचं, चौथं प्राण्यांवरच्या आणि प्रयोगशाळेतल्या अभ्यासांचं, पाचवं माणसांवरच्या चाचण्यांचं. लाइफ सायन्सवाल्यांचं घर म्हणजे तिसरं, चौथं आणि दुसऱ्यातले त्यांचे सारांश. नव्या औषधांचे २०१९ चे नियम मुळातून वाचा. २०२३ च्या दुरुस्तीत प्राण्यांऐवजी ऑर्गनॉइड (पेशींपासून लॅबमध्ये वाढवलेले छोटे अवयव), ऑर्गन-ऑन-चिप अशा पद्धतींना जागा मिळाली. ज्यांची पीएचडीच ऑर्गनॉइडवर आहे त्यांनी हे मुलाखतीत जरूर मांडावं.

मेडिकल रायटिंगसाठी बहुतेक ठिकाणी लेखी परीक्षा घेतात. एक तक्ता देतात आणि त्यावर परिच्छेद लिहायला सांगतात. पीएचडीवाले यात नापास होतात ते इंग्रजीमुळे नाही. ‘उल्लेखनीय’, ‘अत्यंत आशादायक’ अशी विशेषणं घालतात म्हणून. आणि टक्केवारीचा छेद, म्हणजे किती जणांपैकी, तो चुकवतात म्हणून. दुष्परिणामांची टक्केवारी किमान एक डोस घेतलेल्यांवर काढतात, परिणामकारकतेची बहुतेकदा यादृच्छिक (रँडम) पद्धतीने गटांत वाटप झालेल्या सगळ्यांवर. दोन तक्त्यांत एकूण संख्या १२० आणि ११७ दिसली तर ती चूक नसते, पण का, हे एका वाक्यात लिहावं लागतं. घरी दोन तासांचं घड्याळ लावा, छापून आलेल्या एखाद्या चाचणीचा दुष्परिणामांचा तक्ता घ्या, ३०० शब्द लिहा. मग मूळ निबंधातला परिच्छेद शेजारी ठेवून प्रत्येक आकडा ताडून बघा. असं दहा वेळा.

बाकीच्या वाटा थोडक्यात सांगते. फ्लो सायटोमीटर, क्यूपीसीआर अशी उपकरणं विकणाऱ्या कंपन्यांना ॲप्लिकेशन सायंटिस्ट लागतात. प्रवास भरपूर, माणसांशी बोलणं भरपूर, ते नको असेल तर ही नोकरी नको. वनस्पतिशास्त्र किंवा जेनेटिक्स असेल तर जालन्याचा बियाणे उद्योग आणि जळगावचं केळीचं टिश्यू कल्चर ही दोन नावं विसरू नका. तिथे खरिपाच्या वेळापत्रकाप्रमाणे काम चालतं आणि शेतात उभं राहावं लागतं. स्वतःची कल्पना असेल तर बायरॅक या केंद्र सरकारच्या बायोटेक संस्थेचं ‘बिग’ नावाचं अनुदान १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत मिळतं. पुण्यातल्या व्हेंचर सेंटरसारख्या, नव्या उद्योगांना आधार देणाऱ्या इन्क्युबेटरमध्ये त्याची माहिती आणि मदत मिळते. मात्र ते कल्पना सिद्ध करायला असतं, पेपर छापायला नाही.

आता कागदपत्रं, कारण हातात आलेली ऑफर इथे अडकते. नोकरीचा शोध सबमिशनच्या सहा-आठ महिने आधी सुरू करा. रेझ्युमे दोन पानांचा, निवडक तीन-चार पेपर. पदवीसमोर नुसतं ‘पीएचडी’ लिहू नका. प्रबंध सादर झाला असेल तर ‘प्रबंध सादर’ आणि तारीख, व्हायवा झाला असेल तर त्याची तारीख. कंपनीतर्फे विद्यापीठाकडे पडताळणी होते आणि तिथे उत्तर जुळलं नाही तर रुजू होणं लांबतं किंवा ऑफरच जाते. व्हायवा झाल्यावर पीएचडी बहाल झाल्याची अधिसूचना आणि प्रोव्हिजनल प्रमाणपत्र यांचा अर्ज त्याच आठवड्यात परीक्षा विभागात द्या आणि पोचपावतीवर शिक्का मारून घ्या. दीक्षान्त समारंभापर्यंत थांबायची गरज नसते.