पाऊस कुठून येतो ते आधी ठरवा: टेबलटॉप गेमसाठी नवी मुंबईचं शहर

नमस्कार मंडळी! माझ्या हातातल्या या दोन इमारती बघा. दोन्ही तीन मजली, वीतभर उंच, दोन्हींना एकच राखाडी रंग, दोन्हींवर एकाच बाटलीतलं काळं वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग. तरी डावीकडची नुसती मळलेली दिसते आणि उजवीकडची जुनी दिसते. उजवीकडची रंगवताना पाऊस कुठून येतो, भिंतीवरून कुठून वाहतो आणि कुठे थांबतो, हे आधी ठरवलं होतं. बाकी काही फरक नाही. आजचा सगळा व्हिडिओ याच एका गोष्टीवर आहे. पण इमारत रंगवण्याआधी ती उभी करायला हवी, म्हणून सुरुवात खालून करू.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. टेबलटॉप गेम म्हणजे टेबलावर मिनिएचर, म्हणजे छोट्या बाहुल्या, हलवत खेळायची लढाई. आपण २८ मिलिमीटरच्या मिनिएचरबद्दल बोलतोय, म्हणजे ढोबळमानाने साठास एक हे प्रमाण. चाल आणि बंदुकीचा पल्ला इंचांत मोजतात, आणि कोण कोणाला दिसतं हे मधल्या भिंती ठरवतात. त्यामुळे टेरेन, म्हणजे टेबलावरच्या इमारती आणि रस्ते, ही नुसती सजावट नसते, अर्धा खेळ तिथेच ठरतो. १९९५ मध्ये नेक्रोमुंडा हा गेम आला, १९९९ मध्ये मॉर्डहाइम, आणि शहरातल्या गल्लीबोळांतली लढाई लोकांना आवडायला लागली. तेव्हापासून बाजारातली तयार किट्स बहुतेक पडक्या युरोपीय चर्चसारखी दिसतात. छान असतात, पण तसलं चर्च आपण रोज बघत नाही. सिडकोची चार मजली इमारत मात्र रोज बघतो. तिचा कुठला कोपरा का काळा पडलाय, हे आपल्याला फोटो न बघता माहीत असतं.

चला, टाइल, म्हणजे ज्या चौकोनी तुकड्यांनी टेबलावरचं शहर जुळवायचं तो एक तुकडा. माझी टाइल १२ इंच चौरस आहे. नऊ टाइल्स मांडल्या की तीन बाय तीन फुटांचं मैदान होतं आणि छोट्या टोळीयुद्धाला ते पुरतं. इन्फिनिटी हा गेम खेळणाऱ्यांना चार बाय चार लागतं, त्यांनी सोळा करा. वॉरहॅमर ४०,००० या गेमचं ४४ बाय ६० इंच हे माप मात्र बारा इंचांत बसत नाही, ४४ ला शेवटी आठ इंच उरतात. त्यासाठी वेगळ्या मापाच्या टाइल्स करत बसू नका. खाली साधी मॅट अंथरा आणि वर सुट्या इमारती ठेवा.

टाइलच्या कडेचा नियम एकच. रस्ता कडेला येणार असेल, तर तो बरोबर मध्यावर यायला हवा आणि प्रत्येक वेळी तितकाच रुंद हवा. मी ९ सेंटीमीटर रुंदी धरतो. मग टाइल कशीही फिरवा, रस्त्याला रस्ता जुळतो. काही जण प्रत्येक टाइलच्या चारही कडांना अर्धा अर्धा रस्ता काढतात. त्यात कुठलीही टाइल कुठेही बसते हे खरं, पण मला ती पद्धत पटत नाही. सगळे रस्ते या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जातात, एक स्नायपर टोकाला बसतो आणि बाकीचे अर्धा तास भिंतीमागे लपून राहतात. त्यापेक्षा नऊपैकी दोनच टाइल्स सरळ रस्त्याच्या ठेवा, बाकी वळणं आणि टी जंक्शन. मांडून झालं की डोळा टेबलाच्या पातळीला आणून बघा. एका कडेपासून समोरची कड दिसतेय? मग मध्ये काहीतरी आडवं घाला. बस, कचराकुंडी, रिक्षांची रांग, काहीही चालेल. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला सॅटिसचा पूल आहे ना, वर बस आणि खाली माणसांची गर्दी, तसा एक उंच डेक मध्ये टाकलात तर नजर अडते आणि खेळायला दुसरी पातळीही मिळते.

मोकळ्या जागा किती मोठ्या ठेवायच्या, यासाठी बेलापूरला जाऊन या. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात तिथे सिडकोसाठी घरं आखली, आज त्या भागाला आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात. सात घरं आणि त्यांच्यामध्ये साधारण ८ मीटरचा चौक. असे तीन गट एकत्र आले की मध्ये १२ मीटरची मोकळी जागा. पुन्हा असे तीन समूह जोडले की २० मीटरची. आता याला साठाने भागा. टेबलावर साधारण १३, २० आणि ३३ सेंटीमीटर येतात, म्हणजे पाच, आठ आणि तेरा इंच. तुमचा गडी एका चालीत सहा इंच जात असेल, तर छोटा चौक तो एका दमात ओलांडतो. मधल्यासाठी दोन चाली लागतात. मोठ्यात तीन चाली जातात, आणि तेवढ्या वेळात त्याच्यावर कोणीतरी नेम धरलेला असतो. तिन्ही आकार एकाच मैदानात ठेवा. सगळे चौक सारखे असले की प्रत्येक फेरी सारखीच होते.

आता सामान. टाइलला आणि भिंतींना मी ५ मिलिमीटरचा सनबोर्ड, म्हणजे प्लास्टिक फोमचा हलका बोर्ड, वापरतो. फ्लेक्स आणि बोर्ड छापणाऱ्या दुकानात त्याचे कापलेले तुकडे पडलेले असतात, विचारलं तर स्वस्तात देतात. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा दाबलेला बोर्ड, चांगला असतो, पण आपल्याकडे जुलैत तो ओल धरतो, कडा फुगतात आणि टाइल वाकते. सनबोर्डाला पाण्याचं काही वाटत नाही. फक्त भर उन्हात गॅलरीत ठेवू नका. त्याला साधं पांढरं फेविकॉल नीट धरत नाही, फेविक्विक धरतं. रंगाआधी पॉलिश पेपर मारा, नाहीतर रंग नखाने निघतो. आणि घासताना मास्क लावा. घरात गणपतीच्या जुन्या मखराचा थर्माकोल पडला असेल, तर ढिगाऱ्यासाठी तो उत्तम. पण त्यावर थेट स्प्रे पेंट मारायचा नाही. स्प्रेमधलं सॉल्व्हंट थर्माकोल खाऊन टाकतं. आधी काळ्या ॲक्रिलिक रंगात फेविकॉल आणि थोडं पाणी घालून दोन हात द्या, सगळी भोकं बंद झाली पाहिजेत.

मजल्याची उंची ७ सेंटीमीटर. प्रमाणाने पाचच्या आसपास यायला हवी, पण मिनिएचर बेसवर, म्हणजे पायाखालच्या चकतीवर, उभं असतं आणि आपला हात आत जायला लागतो. दार ४ सेंटीमीटर. प्रत्येक मजला वेगळा, डब्यासारखा एकावर एक बसणारा करा, म्हणजे खेळताना वरचा उचलून आतली माणसं हलवता येतात. ड्रेनेजच्या पाइपांना कान साफ करायच्या काड्या, कापूस काढून. जाडी जवळपास बरोबर बसते. खिडकीच्या ग्रिलला मच्छरजाळी, गच्चीवरच्या टाक्यांना औषधाच्या बाटल्यांची झाकणं. निळी ताडपत्री हवीच. टिश्यू पेपर पातळ फेविकॉलमध्ये भिजवून छपरावर पसरा आणि वाळल्यावर रंगवा. रस्त्याच्या खरखरीतपणासाठी वाळू शोधत फिरू नका, फेविकॉलवर रांगोळी भुरभुरवा.

एक महत्त्वाचं. इमारत टाइलला चिकटवू नका. का, ते आता कळेल.

(कॅमेरा इमारतीजवळ)

आपल्याकडचा पाऊस नैर्ऋत्येकडून, समुद्रावरून येतो. त्यामुळे इमारतीच्या एका बाजूला थेट झोडपा बसतो, तर मागच्या सावलीतल्या बाजूला ओल वाळतच नाही. झोडपा बसणाऱ्या भिंतीवर उभे काळे ओघळ येतात. मागच्या भिंतीवर हिरवट शेवाळ, तेही खाली जास्त. हे मी प्रत्येक इमारतीवर करतो आणि तळाला झोडप्याच्या बाजूला लाल ठिपका देतो. मैदान मांडताना टाइल हवी तशी फिरवायची, इमारतींचे ठिपके मात्र सगळे एका दिशेला. इमारत चिकटवलेली असती, तर टाइल फिरवल्यावर पाऊस चारी दिशांनी आला असता.

मूळ रंग देऊन ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिकट रंग, झाला की वॉश हातात घ्या, पण सगळ्या भिंतीवर फासू नका. पाण्याबरोबर वरून खाली या. गच्चीच्या कठड्याचा माथा सगळ्यात काळा, कारण सपाट जागी पाणी थांबतं, धूळ बसते, शेवाळ धरतं. तिथून ओघळ खाली येतात, काही लांब, काही मध्येच विरलेले. मग छज्जा. छज्ज्याच्या लगेच खालची पट्टी कोरडी असते, ती स्वच्छ ठेवा. नवशिके नेमकी तीच काळी करतात. खिडकीच्या खालच्या दगडाच्या मधोमध पाणी फारसं गळत नाही, दोन्ही टोकांतून गळतं, म्हणून प्रत्येक खिडकीखाली दोन ओघळ. बघायला लागलात की खाली प्रत्येक इमारतीवर दिसेल. पाइपाच्या सांध्याखाली हिरवा ठिपका. एसीची नळी जिथे संपते तिथे एक बारीक, लांब रेघ. आणि जमिनीलगत सेंटीमीटरभर मातीचे शिंतोडे.

गंजासाठी महागडी पिगमेंट, म्हणजे रंगाची पूड, विकत घेण्याआधी गेरू आणा. गेरूचा लाल रंग लोह ऑक्साइडचाच असतो, आणि गंज म्हणजेही लोह ऑक्साइडच. कुंड्यांना लावायला मिळतो तोच. बारीक वस्त्रगाळ करा, ग्रिल भिंतीत शिरते तिथे कोरड्या ब्रशने लावा, खाली जरासा ओढा, मग केमिस्टकडे मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब सोडा. पूड बसते. शटर आणि पत्रे यांच्यासाठी आधी गंजाचा रंग, तो वाळल्यावर हेअर स्प्रे, त्यावर वरचा ॲक्रिलिक रंग. पंधरा-वीस मिनिटांनी ओल्या राठ ब्रशने कडा घासा. वरचा रंग पापुद्र्यासारखा निघतो आणि खालचा गंज दिसतो.

खांब आणि स्लॅबच्या कडा इथे हात सैल सोडा. खाडीच्या खाऱ्या हवेत सळ्या गंजतात, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीटचा पोपडा फोडतो. म्हणून पडझड भिंतीच्या मधोमध कोरू नका, कडेला कोरा. आत दोन समांतर तारा चिकटवा आणि त्यांना गेरू लावा. त्यानंतर माझा सगळ्यात आवडता भाग, डागडुजी. आपल्या इमारतींना भेगा पडतात आणि सोसायटी त्या फिकट वॉटरप्रूफिंगने बुजवते. पिवळ्या पडलेल्या भिंतीवर त्या पांढऱ्या वाकड्या रेघा! शून्य नंबरच्या ब्रशने पाच मिनिटांचं काम आहे, आणि टेबलावरची इमारत एकदम कुठल्यातरी सेक्टरमधली वाटते. पाइपामागच्या फटीत पिंपळाचं रोपटं लावा. जिन्याच्या कोपऱ्यात जमिनीपासून दीड सेंटीमीटरवर पानाची पिचकारी, आणि तिच्या बरोबर वर ‘येथे थुंकू नये’ची पाटी.

शेवटी मॅट, म्हणजे न चमकणारं, वार्निश. ऑक्टोबर ते मे स्प्रे चालेल. पावसाळ्यात हवेतल्या ओलीने स्प्रे वार्निश पांढरट पडतं आणि सगळ्या मेहनतीवर धुकं बसतं. जून ते सप्टेंबर ब्रशनेच लावा. वार्निश पूर्ण वाळल्यावर टाइल्स एकावर एक ठेवा, मध्ये वर्तमानपत्र घाला. नऊ टाइल्स दिवाणाच्या खणात मावतात.

भिंतींच्या कटिंगचे नमुने खाली डिस्क्रिप्शनमध्ये दिलेत. ए४ वर प्रिंट करताना स्केल १०० टक्के ठेवा, ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करा, आणि कापण्याआधी दाराची उंची पट्टीने मोजून घ्या. ४ सेंटीमीटर भरली की कटर उचला.